फांदी कोणासाठी?



गेल्या पावसाळ्यात इथे उज्जैनला, आपल्याच एका सत्संगी घरी, मुलांनी कुंपणावरचा घोयरा, म्हणजे रंग बदलणारा सरडा, आणून काचेच्या पेटीत ठेवला. आम्ही मोठ्यांनीही उत्साहाने फांद्या लावून दिल्या. एक आडवी, एक तिरपी, बोटाएवढी जाड. त्याचे पाय चिमट्यासारखे असतात, शेपूटही फांदीला वेढा घालतं. काचेवर त्याला पकडच मिळत नाही. सगळं छान जमलं. तेवढ्यात आजी म्हणाल्या, "अरे, ही फांदी त्याच्या सोयीची, की तुमच्या बघण्याची?"

आम्ही गप्प झालो. हौससुद्धा रंग बदलते आणि दयेसारखी दिसू लागते.

आपल्या महाकाल मंदिरात वरच्या मजल्यावर नागचंद्रेश्वराचं दार वर्षातून एकदाच, नागपंचमीला उघडतं. बाकी दिवस दर्शन नाही, म्हणून श्रद्धा कमी होते का? मग एखादा जीव आवडला की तो रोज डोळ्यांसमोरच हवा, हा हट्ट कशाला?

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानेही त्याला घरात ठेवता येत नाही. पण मुलांना कायद्याआधी आजींचं बोलणं पटलं. त्याच संध्याकाळी त्यांनी त्याला त्याच कुंपणावर सोडलं.

कुंपण छाटताना दोन फांद्या राखाव्या, औषध फवारू नये. एवढी सेवा पुरे.

आज घरी सगळ्यांनी मिळून विचार करू या: आपल्या मायेत समोरच्यासाठी किती असतं, आणि आपल्यासाठी किती?