पाव्हणं, कुठलं गाव?

चि. मुक्तास,


तुझा फोटो मिळाला. ब्रनोच्या त्या प्रयोगशाळेच्या दारात तू उभी आहेस, गळ्यात कार्ड, आणि कार्डावर ठळक अक्षरांत लिहिलंय ‘होस्ट’. खाली तू लिहिलंस, “आबा, यांनी पहिल्याच दिवशी मला यजमान करून टाकलं!” तुझी आई म्हणाली, छपाईत चूक झाली असेल. चूक झालेली नाही. चेक भाषेत ‘होस्ट’ म्हणजे पाहुणा. तू तिथे पाहुणी म्हणून गेलीस, म्हणून ते कार्ड.

हे फोनवर सांगता आलं असतं; पण या एका शब्दापायी मी आयुष्यातले कितीतरी तास आनंदात घालवले आहेत, तेव्हा सविस्तर लिहितो. चौतीस वर्षं फ्रेंच शिकवताना दरवर्षी वर्गात हा शब्द आला की मुलं गोंधळायची. फ्रेंचमध्ये ‘ओत’ म्हणजे पाहुणा, आणि ‘ओत’ म्हणजे यजमानसुद्धा. इटालियन ‘ओस्पिते’चं तेच. मुलं विचारायची, “सर, मग जेवायला कोण वाढतंय आणि कोण जेवतंय हे कळायचं कसं?” वाक्यावरून कळतं, हे उत्तर मी द्यायचो. खरं उत्तर मोठं आहे.

आधी तुझ्या कार्डाचं बघू. युरोपातल्या बहुतेक भाषांची आणि आपल्या संस्कृतची मूळ भाषा एकच होती, हे तुला ठाऊक आहे. ती कुणी लिहून ठेवलेली नाही. लेकींच्या चेहऱ्यांवरून आईचा चेहरा ओळखावा तसे तिचे शब्द विद्वानांनी जुळवले आहेत. त्यांतला एक शब्द ‘घोस्तिस’सारखा काहीतरी होता. जर्मनमध्ये तो ‘गास्ट’ झाला, रशियनमध्ये ‘गोस्त’, पोलिशमध्ये ‘गोश्च’. इंग्रजीत ‘गेस्ट’ झाला, आणि त्यातला कडक ‘ग’ बहुधा उत्तरेकडून आलेल्या व्हायकिंगांच्या बोलीमुळे टिकला. जुन्या इंग्रजीच्या वळणाने गेला असता तर त्याचा ‘य’ व्हायचा. लॅटिनमध्ये त्या ‘घ’चा ‘ह’ झाला. आणि चेकमध्ये? तिथे सात-आठशे वर्षांपूर्वी जुना ‘ग’ बदलून ‘ह’ झाला. रशियन माणूस ‘प्रागा’ म्हणतो त्या शहराला तुझे शेजारी ‘प्राहा’ म्हणतात, ते याच नियमाने. तसाच ‘गोस्त’चा ‘होस्ट’. म्हणजे चेक ‘होस्ट’ आणि इंग्रजी ‘होस्ट’ एकसारखे दिसतात तो निव्वळ योगायोग, आणि तरी ते एकाच रक्ताचे. मला ही गोष्ट प्रथम कळली तेव्हा त्या रात्री नीट झोप लागली नव्हती.

इंग्रजी ‘होस्ट’ आला फ्रेंचमधून, फ्रेंचमध्ये तो लॅटिन ‘होस्पेस’वरून. या ‘होस्पेस’ची फोड केलीस की शेवटी एक ओळखीचा माणूस भेटतो. पुढचा ‘होस्’ म्हणजे पाहुणा, आणि मागचा ‘पेस्’ मुळात ‘पोतिस’, म्हणजे आपला पती, धनी. होस्पेस म्हणजे पाहुण्याचा धनी. रशियन ‘गोस्पोदिन’ (महाशय) हा शब्दही याच दोन तुकड्यांचा मानतात. बिअर प्यायला तुझे मित्र ज्या ‘होस्पोदा’त जातात तीही याच घरची. आणि ग्रीक ‘देस्पोतेस’, ज्यावरून युरोपात जुलमी राज्यकर्त्याला नाव मिळालं, तो तर आपला ‘दंपती’च आहे: ‘दम्’ म्हणजे घर, त्याचा पती. वेदांत हा शब्द एकट्या घरधन्यालाही लावलेला आहे. आपल्याकडे त्याचा नवरा-बायकोचा जोड झाला, तिकडे हुकूमशहा. एकाच दाण्यातून काय काय उगवतं बघ!

आता मुख्य गोष्ट. लॅटिनमध्ये मूळ शब्दाचा सरळ वारस आहे ‘होस्टिस’, आणि त्याचा अर्थ आहे शत्रू. इंग्रजीतलं ‘होस्टाइल’ तिथून आलं. रुमानियन भाषेत ‘ओआस्ते’ म्हणजे सैन्य, तेही तिथूनच. जर्मनाने ज्याला पाहुणा म्हटलं त्याला रोमनाने वैरी म्हटलं. यावरून अनेक जण लगेच सांगून मोकळे होतात की परक्याचं भय माणसाच्या मुळातच आहे, पाहुणा आणि शत्रू यांत आपल्या पूर्वजांना फरक वाटत नव्हता. मला हे पटत नाही, आणि न पटायला रोमनांचीच साक्ष आहे.

इसवी सनापूर्वी 450 च्या सुमारास रोमने आपला पहिला लेखी कायदा केला, बारा पाट्यांवर कोरलेला. त्यात ‘होस्टिस’बरोबर खटल्यासाठी ठरलेल्या दिवसाची तरतूद आहे. शत्रूबरोबर कुणी कोर्टाची तारीख ठरवतं का? तिथे तो शब्द परगावच्या माणसाचा आहे, ज्याच्याशी व्यवहार चालतो आणि ज्याला न्याय मागता येतो. इसवी सनापूर्वी 44 मध्ये सिसेरोने मुलासाठी कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला, त्यात त्याने नेमकी हीच आठवण काढली आहे: आपले पूर्वज परक्याला जो सौम्य शब्द वापरत, तो आज शस्त्र घेऊन उभ्या राहिलेल्याला लागतो. याहून महत्त्वाची साक्ष एका क्रियापदाची आहे. जुन्या लॅटिनमध्ये ‘होस्तिरे’ म्हणजे समसमान करणे, परतफेड करणे. एमिल बाँव्हनिस्त नावाच्या फ्रेंच पंडिताने 1969 साली छापलेल्या ग्रंथात या क्रियापदाला धरूनच सांगितलं की होस्टिस हा मूळचा देण्याघेण्याने बांधलेला माणूस. तू मला दिलंस, मी तुला देईन; आज तू माझ्या ओट्यावर, उद्या मी तुझ्या. यजमान आणि पाहुणा ही दोन माणसं नव्हेतच, एकाच नात्यातल्या दोन पाळ्या आहेत. म्हणून फ्रेंचाला एक शब्द पुरतो. रोमचं राज्य वाढलं, शेजारी प्रजा झाले किंवा लढायला उभे राहिले, बरोबरीची देवघेव संपली, आणि शब्द कडू झाला. वैर त्या शब्दात नंतर शिरलं.

ग्रीकांनी मात्र आपला शब्द जपला. त्यांचा ‘क्सेनोस’ म्हणजे परका, पाहुणा आणि यजमान, तिन्ही. (मुळाच्या दृष्टीने तो वेगळा शब्द दिसतो, पण वागणूक तीच.) इलियडच्या सहाव्या सर्गात ग्लाउकोस आणि दिओमेदेस रणांगणाच्या मधोमध समोरासमोर येतात, आणि दिओमेदेस विचारतो, तू कोण? ग्लाउकोस कुळ सांगत जातो आणि आजोबा बेलेरोफोनपर्यंत पोहोचतो. तेव्हा दिओमेदेस भाला जमिनीत रोवतो, कारण त्याच्या आजोबांनी बेलेरोफोनला वीस दिवस घरी ठेवून घेतलं होतं आणि दोघांनी एकमेकांना भेटी दिल्या होत्या. आजोबांचं पाहुणपण नातवांना लागू पडतं. दोघे लढत नाहीत, चिलखतं बदलतात. ग्लाउकोसचं सोन्याचं, दुसऱ्याचं काशाचं. शंभर बैलांच्या मोलाचं देऊन नऊ बैलांच्या मोलाचं घेतलं, असा हिशेबही होमर देतो.

हे वाचताना मला नेहमी सातारा जिल्ह्यातलं एक गाव आठवतं. मी तेविसाव्या वर्षी परीक्षेच्या कामाला गेलो होतो. एस.टी.तून उतरलो तर पारावरच्या म्हाताऱ्या बाबांनी हाक मारली, “पाव्हणं, कुठलं गाव?” मी त्यांचा कुणी नव्हतो, तरी त्यांनी ‘पाव्हणं’ म्हटलं. अनोळखी माणसाला आमच्याकडे दुसरी हाकच नाही. मग गाव, मग आडनाव, मग आईचं माहेर, असं विचारत विचारत त्यांनी कुठल्याशा चुलत आत्याच्या दिरापर्यंत धागा नेला, तो जुळला, आणि मला गूळ-पाणी देऊन घरी जेवायला नेलं. लोक अशा चौकश्यांना कंटाळतात, तूही कंटाळायचीस. पण दिओमेदेसने यापेक्षा वेगळं काय केलं?

धागा जुळवण्यासाठी रोमनांकडे एक वस्तूही असे: पाहुणपणाची खूण, दोन भागांची. एक भाग या घरी, दुसरा त्या घरी. पुढच्या पिढीतला कुणी आला की तुकडे जुळवून बघायचे. प्लाउटुसच्या एका नाटकात हान्नो नावाचा कार्थेजचा म्हातारा अशी खूण घेऊन ग्रीसमध्ये येतो आणि तिथल्या तरुणाकडची खूण तिच्याशी जुळते. नाटक रोममध्ये झालं तेव्हा कार्थेजच्या हॅनिबलशी झालेलं सतरा वर्षांचं युद्ध लोकांच्या आठवणीत ताजं होतं. आणि प्रेक्षकांपुढे कार्थेजचा माणूस उभा राहिला तो पाहुणा म्हणून. त्या नाटककाराबद्दल मला यासाठी फार आदर आहे.

‘होस्पेस’चा पुढचा गोतावळा तू रोज पाहतेस. हॉस्पिटल म्हणजे आधी परक्यांना, यात्रेकरूंना टेकायची जागा. यात्रेकरू थकलेले, आजारी असत, म्हणून ती दवाखान्याकडे वळली. हॉटेल, हॉस्टेल त्याच शब्दाची पोरं. फ्रेंच ‘ओतेल’मधल्या ‘ओ’वर छोटी टोपी असते, ती गळून पडलेल्या ‘स’ची आठवण. पॅरिसला गेलीस तर ‘ओतेल द व्हिल’मध्ये खोली मागू नकोस, ती नगरपालिका आहे. आणि ‘ओतेल दे आंव्हालीद’ चौदाव्या लुईने 1670 साली जखमी, म्हाताऱ्या सैनिकांसाठी उभारायचं ठरवलं. हॉटेल आणि हॉस्पिटल यांच्यातली भिंत तिथे अजून उभी राहिलेली नव्हती.

आपल्याकडे हा शब्द दोनदा आला. इंग्रजांबरोबर ‘हॉटेल’ आलं, ज्यात आपण फक्त चहा-मिसळ घेतो. त्याच्या कितीतरी आधी पोर्तुगीजांबरोबर आलं ते ‘इस्पितळ’. जुन्या गोव्यात राजाच्या नावाचं मोठं इस्पितळ होतं. पिरार द लावाल नावाचा एक फ्रेंच खलाशी मालदीवजवळ जहाज फुटून वाचला, पुढे पोर्तुगीजांच्या हाती कैदी म्हणून लागला आणि 1608 मध्ये आजारी अवस्थेत गोव्याला पोहोचला. त्याला त्या इस्पितळात ठेवलं. तिथल्या स्वच्छतेचं, जेवणाचं, शुश्रूषेचं त्याने भरभरून कौतुक लिहून ठेवलं आहे. बरा झाल्यावर मात्र त्याला तुरुंगात नेलं. ‘तुरुंग’ हाही मराठीत पोर्तुगीजांनीच आणलेला शब्द. होस्पेस आणि होस्टिस यांच्यातलं अंतर त्या बिचाऱ्याने काही दिवसांत चालून पार केलं.

जर्मनीत हा शब्द आणखी एकदा अवघडला. 1955 साली इटलीशी आणि 1961 साली तुर्कस्तानशी करार करून त्यांनी कामगार बोलावले, आणि नाव दिलं ‘गास्टआर्बायटर’, पाहुणे कामगार. पाहुणा म्हटलं की तो परत जाणार, हे गृहीत. अनेक जण राहिले, त्यांची मुलं तिथे जन्मली, आणि तरी लोक त्यांना पाहुणेच म्हणत राहिले. पाहुण्याला आपली पाळी कधीच येऊ दिली नाही, म्हणजे त्याला यजमान होऊ दिलं नाही, तर तो शब्द मायेचा राहत नाही.

तुझ्या कार्डावरचा शब्द तसा वाटू नये, म्हणून एवढं लिहिलं.

आता व्यवहाराचं. घरमालकीणबाईंनी रविवारी जेवायला बोलावलंय म्हणतेस. रशियन पाहुणा हातात जो खाऊ घेऊन जातो त्याला ‘गोस्तिनेत्स’ म्हणतात. शब्दाचं मूळ तू ओळखशीलच. आजीने पार्सलात डिंकाचे लाडू घातले आहेत, त्यांतले सहा-सात स्टीलच्या छोट्या डब्यात घालून ने. खोबऱ्याचं आणि सुंठीचं आधी सांग, कुणाला चालत नसेल. आणि निघताना डबा मागू नकोस, त्यांच्याकडेच राहू दे. तुझी आजी शेजारचं भांडं कधी रिकामं परत करत नाही, ते तू पाहिलं आहेस. डबा परत आला की त्यात काय होतं, ते मला कळव.

तुझा,
आबा