वणवा आणि शेजारधर्म

शिमगा जवळ आला की सह्याद्रीच्या कुशीतील गावांची कळा बदलते. पावसाळ्यात कंबरभर वाढलेले गवत वाळून पिवळे पडते, साग पाने गाळतो, काजूच्या बागांत पाचोळ्याचा थर साचतो. सत्तरी, सांगे, खानापूर या भागांतील आमच्या वाचकांना हे दृश्य नवे नाही. दुपारचा वारा सुटला म्हणजे डोंगर पेटायला एक ठिणगी पुरते.

मार्च 2023 मध्ये गोव्यातील म्हादई अभयारण्यात व आसपासच्या डोंगरांत ठिकठिकाणी आगी लागल्या. माणसांना सहज पोहोचता येत नाही अशा जागी त्या पसरल्या, तेव्हा वरून पाणी ओतण्यासाठी नौदलाची व वायुदलाची हेलिकॉप्टरे बोलवावी लागली. त्या दिवसांत जो तो एकच प्रश्न विचारीत होता : आग कोणी लावली?

प्रश्न रास्त आहे. आपल्या देशातील बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. न विझवता टाकलेली विडी, बांधावर जाळलेला कचरा, काजूच्या हंगामापूर्वी झाडांखालचे रान साफ करण्यासाठी लावलेली आग, पुढच्या वर्षी गवत चांगले येईल या समजुतीने पेटविलेला माळ, ही त्यांची नेहमीची कारणे होत. परंतु काडी ओढणारा हात पुष्कळदा सापडत नाही. मग दोष कोणाचाच नाही असे म्हणून आपण मोकळे व्हावे काय?

मोशेच्या नियमशास्त्रात या प्रश्नाला लागू पडणारे दोन लहानसे नियम आहेत. पहिला निर्गमाच्या 22व्या अध्यायात आहे. काटेकुटे पेटून आग पसरली आणि शेजाऱ्याच्या धान्याच्या सुड्या किंवा उभे पीक जळाले, तर आग लावणाऱ्याने नुकसान भरून द्यावे, असा त्याचा आशय. त्याच्या मनात काय होते याची चौकशी तेथे नाही. ‘मी मुद्दाम केले नाही’ एवढ्याने तो सुटत नाही. दुसरा नियम अनुवादाच्या 22व्या अध्यायातील. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाहीतर वरून कोणी पडल्यास त्याचा दोष त्या घराला लागेल, असे तो सांगतो. अद्याप कोणी पडलेले नाही. तरी घरमालकाचे कर्तव्य सुरू झाले आहे! जबाबदारी अपघातानंतर जन्मत नाही, ती आधीपासून आपल्या दारात उभी असते, हा या दोन नियमांचा एकत्रित बोध आहे.

हाच न्याय आपल्या अंगणाला लावून पाहू. उताराच्या पायथ्याशी लागलेली आग झपाट्याने वर चढते, कारण तिची धग वरचे गवत आधीच तापवून ठेवते. वाऱ्याबरोबर उडालेले निखारे पायवाट ओलांडून पुढे पडतात. ते ज्या जागी पडतील तेथे काय साठले आहे, यावर घराचे भवितव्य ठरते. कौलांवर व पन्हळीत साचलेला पाचोळा, वळचणीला रचलेले सरपण, गोठ्याला टेकून उभी केलेली गवताची गंजी यांवर निखारा पडला की घर पेटते, आणि एक घर पेटले की पुढचे धोक्यात येते. काडी दुसऱ्या कोणी ओढली असेल. तिला लागणारे खाद्य मात्र आपणच जमवून ठेवलेले असते.

यावर कोणी म्हणेल, ‘मजूर लावून बागेतले रान कापून घ्यायचे म्हणजे हंगामाच्या मिळकतीतील मोठा वाटा जातो, काडी स्वस्त पडते.’ हे म्हणणे खोटे नाही. पोट भरलेल्याने गरीब बागाईतदाराला उपदेश करावा हे शोभतही नाही. परंतु काडी स्वस्त का पडते? तिची उरलेली किंमत शेजाऱ्याची बाग आणि रानातील मुके जीव मोजतात म्हणून. तेव्हा उपदेशापेक्षा हात द्यावा, हे बरे. तरुणांनी एखादा शनिवार राखून रान कापायला लागावे, एकट्या राहणाऱ्या आजीच्या कौलांवरचा पाचोळा उतरवावा, गंजी घरापासून दूर हलवावी. वनखाते जंगलात जाळरेषा काढते, तद्वत वस्ती व रान यांच्यामध्ये गवत कापून मोकळा पट्टा राखावा. कापलेले गवत न जाळता खड्ड्यात कुजवावे. चुलीतील राख पाणी शिंपडून मगच बाहेर टाकावी. संडे स्कूलच्या शिक्षकांनी मुलांना एवढे तरी शिकवावे की, डोंगरावर धूर दिसताच मोठ्यांना सांगायचे आणि मोठ्यांनी 101 किंवा 112 या क्रमांकावर कळवायचे.

या कामात एक अडचण आहे. न लागलेल्या आगीबद्दल कोणी कोणाचे आभार मानीत नाही. आग विझविणाऱ्याचे नाव होते, पाचोळा झाडणाऱ्याचे होत नाही. पण सुड्यांची भरपाई करता येते, तशी जुन्या वृक्षाची किंवा माणसाच्या जिवाची करता येत नाही. म्हणूनच हे निनावी काम अधिक मोलाचे आहे, असे आम्हांला वाटते. शेजाऱ्यावर आपली प्रीती आहे असे आपण वारंवार म्हणतो. ती प्रीती कधी कधी खराटा आणि कोयता यांच्या रूपाने दिसली पाहिजे, आणि तीही वारा सुटण्यापूर्वी.