छपरावरचं ऊन

जरा सैल बसा. खांदे उतरू द्या. कुठे पोहोचायची घाई नाही.

मनानं सातशे वर्षं मागे जाऊ. फ्रान्सच्या दक्षिणेला, पिरेनीजच्या डोंगरात तेराशे मीटर उंचीवर मोंतायू नावाचं खेडं आहे. वस्ती जेमतेम अडीचशे. मध्ययुग म्हटलं की डोळ्यांपुढे किल्ले आणि चिलखतं येतात. येऊ द्या, जाऊ द्या. आपलं तिथे काही काम नाही.

एका घरात शिरा. दारातून आधी धूर येतो. मधल्या खोलीत चूल, वर टांगलेलं खारवलेलं डुकराचं मांस, भांड्यात कोबी रटरटतोय. गुरं-मेंढरंही त्याच छपराखाली. लाकडी भिंतींना फटी आहेत. पलीकडचं बोलणं ऐकू येतं. काही वेळ नुसतं ऐका.

आता वर या. छप्पर सपाट आहे, ऊन पडलंय. दोन बायका पाय पसरून बसल्या आहेत आणि त्यांच्या मुली त्यांच्या डोक्यातल्या उवा काढताहेत. केस बाजूला सारायचे, शोधायचं, चिरडायचं. हात चालू आणि तोंडही चालू. इथे थांबा. हे काम आटपून टाकायचं नसतं; ऊन असेतो चालतं.

त्या काय बोलताहेत? खुंटाला बांधून जिवंत जाळतात, ती आग माणूस सोसतो कशी, असं एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, एवढंही कळत नाही का, ती वेदना देव स्वतःवर घेतो. गावात कॅथार पंथाला मानणारे बरेच होते आणि चर्चच्या लेखी तो पाखंड होता. म्हणजे प्रश्न काही रिकामपणीचा नव्हता. उत्तर मात्र, उवा मारता मारता, किती सहज आलं! त्या सहजपणापाशी हवा तितका वेळ राहा.

मग हळूच स्वतःला विचारा: हे मला कुणी सांगितलं?

खालून जाणाऱ्या एका बाईनं. तिनं ते ऐकलं आणि पुढे बिशपसमोर जबानीत सांगितलं. झाक फूर्निये हे पामियेचे बिशप, जवळच्याच साव्हेर्दँचे, या लोकांची बोली कळणारे. 1318 ते 1325 या काळात ते पाखंडाची चौकशी करत होते. चिकाटी अशी, की कोण कुणाच्या चुलीशी बसलं हेही त्यांनी विचारून घेतलं. लेखनिकांनी ते लॅटिनमध्ये उतरवलं. गावातला पियेर मोरी हा मेंढपाळ हिवाळ्यात कळप घेऊन कॅटलोनियात उतरायचा. त्याची वाट, त्याचे सोबती, सगळं आपल्याला ठाऊक आहे, कारण तो पकडला गेला. 1324मध्ये त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली.

आपण छपरावर बसलो आहोत खरे, पण बिशपांच्या खुर्चीतून. मला ही जागा टोचते. उठूनही जाववत नाही, कारण दुसरीकडून ते छप्पर दिसणारच नाही. टोचू द्या. लगेच उत्तर शोधू नका.

फूर्निये 1334मध्ये पोप झाले, बारावे बेनेडिक्ट हे नाव घेतलं, आविन्योंत भलामोठा महाल उभारायला काढला. त्यांचं ते दफ्तर आजही व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे, मोंतायूच्या उवांसकट.