खिदमत आणि हक

घाटकोपर, कुर्ला, जोगेश्वरी, अंधेरी या भागांत राहणाऱ्या आमच्या घरांत बाळंतपणासाठी कुणाला इस्पितळात न्यायचे ठरले, की वडीलधारी माणसे एक प्रश्न हमखास विचारतात. तिथे बाईमाणूसच असेल ना? इंजेक्शनपासून कपडे बदलण्यापर्यंत सगळे सिस्टरनेच करावे, अशी आमची इच्छा असते. ती गैर नाही. आजारपणातही आपली लाज राखली जावी, असे कुठल्याही स्त्रीला वाटते. पण त्याच घरातील मुलगी बारावीनंतर 'मला नर्सिंगला जायचे आहे' असे म्हणाली, की तीच वडीलधारी माणसे गप्प होतात. मग हळूहळू कारणे निघू लागतात. रात्रपाळी असते. परक्या पुरुषांना हात लावावा लागतो. स्थळ येताना अडचण होईल.

म्हणजे सिस्टर आम्हाला हवी आहे, फक्त ती दुसऱ्याच्या घरातून यावी. जे काम आपल्या लेकीने केले तर अब्रू जाते असे आपण मानतो, तेच काम दुसऱ्याच्या लेकीकडून हक्काने करून घेणे कितपत न्याय्य आहे?

या बाबतीत मजहबची ढाल पुढे करण्याची सोय आम्हाला नाही. इस्लामच्या इतिहासातील पहिली परिचारिका म्हणून जिचे नाव घेतले जाते, ती रुफैदा अल-अस्लमिया मदिनेची. तिचा तंबू मस्जिद-ए-नबवीच्या आवारात होता. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या साद बिन मुआज यांना प्रेषितांच्या सांगण्यावरून याच तंबूत ठेवले गेले. जखमी परपुरुषाची शुश्रूषा एक स्त्री मशिदीच्या आवारात करत होती आणि त्यात कुणाला बेअब्रू दिसली नाही. मग आम्हालाच ती कुठून दिसू लागली?

तरीही आई-बापांची भीती अगदीच खोटी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. अरुणा शानबाग यांची कहाणी मुंबई विसरलेली नाही. कर्नाटकातील हळदीपूरची ही मुलगी परळच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी रुग्णालयातीलच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला आणि तिच्यावर अत्याचार केला. मेंदूला रक्तपुरवठा न झाल्याने ती कायमची अंथरुणाला खिळली. तेव्हा ती २५ वर्षांची होती. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने तिचे निधन झाले. मधली ४१ वर्षे तिला भरवणे, पुसणे, कुशीवर वळवणे हे सारे केईएमच्या सिस्टरांनी केले. महापालिकेने तिला दुसरीकडे हलवायचे ठरवले, तेव्हा त्याच आडव्या आल्या. पत्रकार पिंकी विराणी यांनी तिला या यातनेतून मुक्त करावे म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. न्यायालयाने ७ मार्च २०११ च्या निकालात तो फेटाळला आणि तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार तिची इतकी वर्षे देखभाल करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे मानले. असे जगवत ठेवणे ही दया की यातना, यावर मतभेद होते आणि राहतील. पण आपल्या एका सहकारिणीला त्यांनी टाकले नाही, यावर मतभेद नाहीत.

या कहाणीची दुसरी बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. हल्लेखोरावर खटला चालला तो मारहाणीचा आणि चोरीचा. लैंगिक अत्याचाराचा आरोप त्यात नव्हताच. तिचे लग्न ठरले होते, बोभाटा झाला तर तिचेच नाव खराब होईल, म्हणून ते झाकले गेले असावे, असे सांगितले जाते. सात वर्षांची शिक्षा भोगून तो माणूस सुटला. अब्रूच्या काळजीने अरुणाला काय मिळाले? तिचा न्याय तेवढा बुडाला. आणि आज त्याच अब्रूच्या नावाने आम्ही आमच्या मुलींना या पेशापासून दूर ठेवतो. गुन्हा करणाऱ्याची अब्रू जात नाही, काम करणारीची जाते, हा हिशेब आम्ही कधी तपासून पाहणार?

कौतुक करायला मात्र आम्ही कमी पडत नाही. २०२० साली करोनाच्या साथीत आम्हीही गॅलरीत उभे राहून टाळ्या वाजवल्या. त्यागमूर्ती, फरिश्ता असे शब्द वापरले. फरिश्त्याला पगार लागत नाही, झोप लागत नाही, घरी वाट पाहणारी मुले नसतात. माणसाला हे सगळे असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांतही परिचारिकेला किमान २०,००० रुपये पगार मिळावा, अशी शिफारस केली. आमच्या उपनगरांत गल्लोगल्ली असणारी नर्सिंग होम याच गटात मोडतात. तिथल्या किती सिस्टरांना एवढे मिळते, हे आम्ही कधी विचारले आहे काय? परिचर्या परिषदेचा जुना दंडक सांगतो की शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे आणि इतरत्र पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. रात्री वॉर्डात जाऊन ज्याने एकदा खाटा मोजल्या, त्याला पुढचे सांगावे लागत नाही. एकाच वेळी दोघांनी हाक मारली, तर आधी कुणाकडे धावावे हा निवाडा तिला एकटीने करावा लागतो. चूक झाली तर जबाबही तिलाच द्यावा लागतो. आणि सलाइन संपली म्हणून तिच्यावर ओरडणारे नातेवाईक आम्हीच असतो. इस्पितळातील मारहाण आणि तोडफोड रोखण्यासाठी महाराष्ट्राला २०१० साली वेगळा कायदा करावा लागला, ही आम्हा सगळ्यांच्याच शरमेची गोष्ट आहे.

खिदमत हा आमचा आवडता शब्द. तिचा मोठा सवाब आहे, असे आम्ही मानतो. पण सवाब अल्लाहकडून मिळतो. मजुरी, सुरक्षितता आणि इज्जत माणसांनी द्यायची असते. तो खिदमत करणाऱ्याचा हक आहे, आणि सवाबाकडे बोट दाखवून हक बुडवता येत नाही.

म्हणून घरातील मुलगी नर्सिंगला जाते म्हणाली, तर बापाने नकार देण्याऐवजी प्रश्न विचारावेत. ते मुलीला नव्हे, इस्पितळाला विचारावेत. कपडे बदलायला सुरक्षित खोली आहे काय? रात्रपाळीनंतर घरी सोडायची सोय आहे काय? तक्रार केली तर ती झाकली जाईल, की नोंदवली जाईल? अरुणावर हल्ला झाला तो ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेल्यावर. हे प्रश्न त्यावेळी कुणीतरी विचारायला हवे होते. आपली लेक तिथे असेल, तेव्हाच आपण ते खऱ्या तळमळीने विचारू.