शंकरपट आणि परवाना

मुकुटबनच्या मुलखात बैलजोड्यांच्या शर्यतीस शंकरपट म्हणतात. पूर्वी पट भरविणे हे गावाचे काम असे. चार वडीलधारी मंडळी बसली की दिवस ठरे, आणि तंटा मिटे तोही त्यांच्याच शब्दाने. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यती बंद केल्या. २०१७ मध्ये राज्याने कायदा सुधारला, २०२१ च्या डिसेंबरात तात्पुरती मोकळीक मिळाली, आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने तो कायदा वैध ठरविला. आता जिल्हाधिकाऱ्यांचा परवाना हवा, पशुवैद्याचा दाखला हवा. चाबूक व पराणी वर्ज्य.

यामुळे पटाचा आत्माच गेला, असे आमचे काही स्नेही हळहळून म्हणतात. आम्हांस हे मान्य नाही. ज्या वडीलधाऱ्यांच्या शब्दाला एवढा मान होता, त्यांनी तो पराणीची आर रोखण्यासाठी कितीदा खर्ची घातला? आम्हीही लहानपणी हाकणाऱ्यास ओरडून चेव आणीत असू. बैलाच्या पुठ्ठ्यावरचे रक्त दिसत नव्हते, असे मुळीच नाही.

मात्र परवान्याचीही आम्हांस फारशी खात्री वाटत नाही. दाखला तपासणारा अंमलदार पटाच्या दिवशी येतो. बैल पळण्यासाठी तयार होतो तो वर्षभर, गोठ्यात, एकट्या मालकाच्या नजरेखाली.