आधी उलटं फिरवा

नाणेघाटात पोचल्या पोचल्या कॅमेरा काढू नका. आधी बसा. कोकणातून वर चढणारा वारा अंगावर घ्या. जुन्नरहून घाटघरमार्गे येताना डोक्यात जे भरून आणलंय, ते जरा निवू दे. पाऊस सरत आलाय, पठारावर सोनकी पिवळीजर्द पसरली आहे. इकडे नानाचा अंगठा, तिकडे जीवधन.

ट्रायपॉड मांडीवर आडवा घ्या. त्याच्यावर आत्ता बॉल हेड आहे आणि आपल्याला हवंय पॅन हेड. बॉल सैल केला की कॅमेरा सगळ्या बाजूंना एकदम सुटतो. झटपट फोटोला ते बरं. पण कड्याची ही रांग एका लांब पट्टीत घ्यायची, तर कॅमेरा नुसता आडवा फिरला पाहिजे, वरखाली तसूभरही नाही. पॅन हेडवर प्रत्येक हालचालीला वेगळा लॉक असतो. एक सोडायचा, बाकीचे धरून ठेवायचे. यावर थोडं थांबा.

कॅमेरा पिशवीत ठेवा. (गळ्यात लटकवून हे काम करू नये. मी केलंय.) हेड ज्या चकतीवर बसतं तिच्या खालून पाहा. बऱ्याच ट्रायपॉडना तिथे बारीक स्क्रू असतात, खालून हेडला टेकलेले. ते एलन कीने सैल करा. हेडला पॅनचा लॉक असेल तर तो घट्ट हवा, नाहीतर हेड नुसतं जागच्या जागी फिरेल आणि तुम्हाला वाटेल सुटतंय. आता हेडचा बुंधा मुठीत धरा आणि डावीकडे फिरवा. नाही हललं? हात काढा. एक श्वास जाऊ दे. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, पुन्हा धरा. पहिला पाव फेराच काय तो अवघड; पुढचे बोटाच्या टोकाने निघतात.

हेड निघालं. वर उरला नुसता पेच, तीन सुती, इंचाला 16 आटे. कॅमेऱ्याच्या बुडाला लागतो तो दोन सुती, इंचाला 20. आपण मीटर-सेंटिमीटरवर येऊन किती वर्षं झाली, पण कॅमेरा जपानी असो की जर्मन, हा पेच अजून इंचातच.

हा बिनडोक्याचा ट्रायपॉड तसाच उभा राहू दे. तुम्ही लेण्यात जाऊन या. मागच्या भिंतीवर सातवाहनांच्या घराण्याचे पुतळे कोरले होते: सिमुक, राणी नागनिका आणि राजा सातकर्णी, महारठी, राजकुमार. वर ब्राह्मीतली त्यांची नावं आहेत, खाली पायांच्या खुणा. मधलं सगळं गेलं. बाजूच्या भिंतींवर यज्ञांतल्या दानाचा मोठा लेख आहे, किती गाई, किती हत्ती, किती कार्षापण. भारतीय अंकांचा इतिहास लिहिणाऱ्याला त्या आकड्यांपाशी यावंच लागतं. मी मात्र दर वेळी नाव आणि पाय यांच्यामधल्या कोऱ्या दगडापुढे रेंगाळतो. तुम्हीही रेंगाळा. तिथे चेहरे बसवायची घाई नको.

परत या. पॅन हेड पेचावर अलगद ठेवा आणि आवळू नका. आधी उलटं फिरवा, डावीकडे, हलक्या हाताने. कुठेतरी बारीकसं टक् होतं, हेड केसभर खाली बसतं. तिथून उजवीकडे. आंबेगावात आहुप्याच्या कड्यावर मी हे केलं नव्हतं. धुकं फाटत होतं, मला घाई झाली, आट्यात आटा बसला नव्हता तरी जोर लावला. हेड अर्ध्यावर तिरकं अडकलं. दरी दहा मिनिटं उघडली आणि मिटली. मी ट्रायपॉडशी कुस्ती खेळत होतो. ते आटे मेले ते मेलेच.

बारीक स्क्रू पुन्हा लावा. डावीकडे पॅन करता करता आख्खं हेडच सुटून येऊ शकतं, ते हेच धरून ठेवतात.

नारायणगावाजवळ खोडदला जीएमआरटीच्या रेडिओ दुर्बिणी आहेत, आसपासच्या मिळून 30, एकेक तबकडी 45 मीटर व्यासाची. तिलाही दोनच हालचाली, आडवी आणि वरखाली. खालचा मनोरा जागचा हलत नाही. आकाशातल्या एका ठिपक्यामागे ती इतकी सावकाश सरकते की टक लावून बसलं तर काहीच कळत नाही, आणि चहा पिऊन आलं की तिचं तोंड दुसरीकडे.

कॅमेरा चढवा आणि पॅन हेडचा दांडा तसा ढकला. बुडबुडा मधोमध आहे ना, पाहा. पहिली फ्रेम. तिचा तिसरा हिस्सा पुढच्या फ्रेममध्ये राहू दे. दुसरी. वारा आला की थांबा, गेला की पुढे. जीवधनशेजारचा वानरलिंगीचा सुळका आता कडेने आत येतोय. तो पुरता येईस्तोवर दांड्यावरचा हात काढू नका.