रेडिओवालं सिलोन

चि. निखिल,

परवा घरच्या ग्रुपवर तू लिहिलंस, ‘एकदाच घुसवा रणगाडे बांगलादेशात, दोन दिवसांत सरळ येतील.’ मी एवढंच विचारलं, ‘आणि तिसऱ्या दिवशी?’ तर तू उखडलास. ‘काका, निदान तुम्ही तरी फौजीसारखं बोला.’ म्हणून हे पत्र. फौजीसारखंच लिहितोय.

२९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या आणि लगोलग आमच्या तुकड्या जाफन्यात उतरायला लागल्या. नाव शांतिसेना. मी रसदीच्या कामावर होतो. पलालीच्या धावपट्टीबाहेर बायाबापड्यांनी आमच्या गळ्यात हार घातले. दहा आठवड्यांत त्याच गल्ल्यांतून, ताडाच्या झावळ्यांच्या कुंपणांआडून आमच्यावर गोळ्या सुटू लागल्या. गोळ्या झाडणारी पोरं कोण? ज्यांना आपल्याच गुप्तहेर खात्यानं काही वर्षांपूर्वी बंदूक धरायला शिकवली होती, त्या तमिळ वाघांच्यातलीच. शांतता राखायला गेलेली फौज एका बाजूची शत्रू कधी झाली, हे आम्हा शिपायांना कुणी सांगितलंच नाही.

ऑक्टोबरच्या ११ तारखेच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानात शीख लाइट इन्फंट्रीचे तीस जण हेलिकॉप्टरनं उतरवले. वाघांच्या म्होरक्याला, प्रभाकरनला, तिथंच धरायचा बेत होता. वाघांना आधीच सुगावा लागलेला. तिसांतले एकोणतीस गेले, एक कैद झाला. त्यानंतर दहा दिवसांनी, ऐन दिवाळीत, जाफन्याच्या इस्पितळात आपलं सैन्य शिरलं आणि साठ-सत्तर माणसं मेली. त्यात डॉक्टर होते, नर्सा होत्या, खाटेवरचे रोगी होते. आतून गोळीबार झाला, असं आपल्या बाजूचं म्हणणं. तिथले लोक ते मानत नाहीत. मी तिथं नव्हतो, तेव्हा शपथेवर काही सांगत नाही. पण त्यानंतर बाजारात कुणी आमच्याकडे मान वर करून बघेना, हे मी पाहिलंय.

शौर्यात आपण कमी पडलो, असं समजू नकोस. महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, जन्म मुंबईचा, शिक्षण एसआयईएस कॉलेजात. २५ नोव्हेंबरला छातीत गोळी लागली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच लोळवलं. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. ज्यांनी त्यांना तिथं धाडलं त्यांचा हिशेब त्या चक्रानं चुकता झाला, असं मात्र मला वाटत नाही.

अडीच वर्षं आम्ही तिथं होतो. सुमारे बाराशे जवान परतले नाहीत. शेवटी जयवर्धनेंच्या जागी आलेल्या प्रेमदासांचं सरकारच आम्हाला ‘जा’ म्हणत होतं आणि आमच्याशी लढायला वाघांना हत्यारं देत होतं. २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी निघाली. मद्रासच्या बंदरावर स्वागताला करुणानिधी आले नाहीत. ते तमिळनाडूचे मुख्यमंत्री होते. पुढच्या वर्षी २१ मे ला श्रीपेरुंबुदूरला वाघांनी राजीव गांधींचा जीव घेतला, ते तुला ठाऊक आहे.

तू आता १९७१चं बांगलादेश युद्ध काढशील. काढ. तिथं जवळपास एक कोटी निर्वासित आपल्या दारात आले होते, काय साधायचं ते ठरलेलं होतं आणि मार्च १९७२ पर्यंत फौज माघारी आलीही. प्रत्येक वेळी ‘नको’ म्हण, असं मी सांगतच नाहीये. कुणी बोलावलंय, लढायचं कुणाशी, परत कधी यायचं, एवढं आधी विचार. आपल्याकडं सैन्य परदेशात धाडायला संसदेची आगाऊ मंजुरी लागत नाही. मंत्रिमंडळानं ठरवलं की झालं. वर्दीतल्या माणसाला तोंड उघडता येत नाही. हुकूम आला की तो बूट बांधतो. तुला तोंड उघडता येतं, तर तू त्याच्याआधीच टाळ्या पिटतोस. सैनिकाचा अपमान म्हणतोस तो मला इथं दिसतो.

माझ्याबरोबरचा एक नाईक आपल्याच तालुक्यातला होता. त्याची काळी ट्रंक मी त्याच्या घरी पोचवली. आई ओसरीवर बसलेली. रडली नाही. ट्रंकेवर हात फिरवत विचारलं, ‘सिलोन म्हंजी ते रेडिओवालंच ना रं? तिथं आपलं काय हुतं?’ मी काहीतरी पुटपुटलो. करार, शांतता, असलं काहीसं. तिनं मान हलवली, पण मला जे समजलं नव्हतं ते तिला कसं समजणार?

म्हातारी गेली. ट्रंक अजून आहे, धाकटा भाऊ तिच्यात बी-बियाणं ठेवतो. पुढच्या सुट्टीत आलास की तिकडं जाऊ. तुझा तो मेसेज तिथं, त्याच ओसरीवर बसून, मोठ्यानं वाचून दाखव.

तुझा,
दत्ताकाका